गुरुवारची लवंग

हैदराबादच्या गाडीची दोन तिकिटं बाईंच्या फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावली होती. रविवार संध्याकाळची. एक लेकीचं, ते पक्कं. दुसरं बाईंचं. ते वापरायचं की रद्द करायचं, हे संत्र्याच्या साली ठरवणार होत्या.

हसू नका. आधी मीही हसलो होतो.

बाई म्हणजे माझ्या चौथीच्या वर्गशिक्षिका. खडकीतल्या आमच्या सोसायटीत त्या वरच्या मजल्यावर राहतात आणि मी बरोबर त्यांच्या खाली. त्यांचे यजमान दारूगोळा कारखान्यात होते. ते गेल्यापासून बाई एकट्याच. त्यांचं वय एकोणऐंशी, माझं चोपन्न. बुधवार पेठेत माझं अ‍ॅम्प्लिफायरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, दाढी पांढरी झाली आहे, पण जिन्यात भेटल्या की बाई म्हणतात, "उभा राहा नीट," आणि मी राहतो. चौथीत मी प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही ठोकली होती. बाईंनी पुस्तक हातात घेतलं, एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "तुझ्या वडिलांचं अक्षर इतकं सुधारलं कधी?" या एका वाक्याची भीती मला पंचेचाळीस वर्षं पुरली आहे.

दर वर्षी फेब्रुवारी संपता संपता बाई मार्केट यार्डातून पेटीभर संत्री आणि डझनभर ईडलिंबं मागवतात. गर सगळ्या सोसायटीत वाटून टाकतात, त्याचं त्यांना काही नाही. त्यांना हवी असते साल. ती आधी मिठाच्या पाण्यात भिजवायची, मग तीनदा पाणी बदलून उकळायची, म्हणजे कडूपणा उतरतो. त्यानंतर सहा दिवस साखरेच्या पाकात. रोज सकाळी पाक गाळून वेगळा काढायचा, दोन मुठी साखर घालून उकळायचा आणि गरमागरम परत सालींवर ओतायचा. रोज आदल्या दिवसापेक्षा जरा घट्ट. घाई केली तर साल चामड्यासारखी आकसते. एक दिवस चुकला तर पाक आंबतो. सातव्या दिवशी जाळीवर निथळत ठेवायच्या, वाळल्या की साखरेत घोळवायच्या. उजेडात धरली तर त्यातून पलीकडची खिडकी दिसते. चौथीत पाढा पाठ झाला की बाई डब्यातून अशी एक साल काढून देत. एकोणतीसचा पाढा मला आजही झोपेत म्हणता येतो, तो त्या सालीपायी.

आता तिकिटांकडे येतो. त्यात माझं तोंड काळं आहे.

जानेवारीत एका सकाळी वरून जळका वास आला. बाईंच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असते. वर गेलो तर दूध आटून कोळसा झालेलं, पातेलं काळं, आणि बाई गॅलरीत शब्दकोडं सोडवत बसलेल्या. मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. एवढंच घडलं. पण आठवड्याने बाईंच्या लेकीचा फोन आला, "दादा, आई कशी आहे हो?" आणि मी ती गोष्ट सांगितली. नुसती सांगितली असती तर एक वेळ चाललं असतं. मी ती रंगवली. धूर जिन्यापर्यंत आणला. पातेल्याला भोक पाडलं. बाईंच्या तोंडी "कुठलं दूध?" हे वाक्य घातलं, जे त्या म्हणाल्याच नव्हत्या. आणि पलीकडून हसू येईल म्हणून थांबलो.

हसू आलं नाही. पुढच्या महिन्यात लेक स्वतः आली.

"आई, तू माझ्याबरोबर येते आहेस."

"किती दिवस?"

"दिवस नाही, आई. राहायलाच."

"बरं. मग मला कशाला सांगतेस? घर हलवताना कपाटाला सांगतात का?"

मी त्या वेळी तिथेच होतो, हातात चहाचा कप घेऊन. लेकीचे डोळे भरले होते. ती वाईट नाही हो. हैदराबादला नोकरी, दोन मुलं, आणि रात्री फोन वाजला की ताडकन उठून बसते. तिच्या जागी मी असतो तर आईला गोणीत घालून नेलं असतं.

बाईंनी संत्रं सोलायची सुरी खाली ठेवली. "साली करायच्यात. सोमवार ते शनिवार सहा उकळ्या. कुणाचा हात लागणार नाही आणि कुणी आठवण करून द्यायची नाही. तू बघत बस. एक चूक झाली तर रविवारी मी गाडीत बसते, तोंडातून शब्द काढत नाही."

"आणि नाही झाली तर?"

"तर तू काढायचा नाहीस."

मी खाली आलो. ही परीक्षा फोनवरच्या माझ्या गोष्टीमुळे लागली होती, हे बाईंना ठाऊक नव्हतं. हे सगळं बायकोला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, मग आता गप्प बसा. तेवढं तुम्हाला जमणार नाही, पण सुचवून ठेवते."

नाही जमलं. हौशी नाटकांत मी वीस वर्षं प्रॉम्प्टर होतो. विंगेत अंधारात उभं राहायचं, नट अडखळला की प्रेक्षकांना ऐकू न जाता त्याच्या कानात शब्द टाकायचा. ज्याला ही सवय लागली, त्याला कुणी अडखळताना बघत बसणं शक्य नाही. त्या काळात घसा चांगला राहावा म्हणून लवंग चघळायचो. नाटक सुटलं, लवंग राहिली. पँटच्या खिशात आठ-दहा लवंगा नेहमी असतात, किल्ल्या आणि सुट्या स्क्रूंच्या संगतीत.

सोमवारी सकाळी दहाला मी वर हजर. दुकान अकराला उघडतो, त्यामुळे तासभर होता. लेकीने हॉलमधलं टेबल असं फिरवून घेतलं होतं की लॅपटॉपवर काम करता करता स्वयंपाकघराचं दार समोर यावं. कानात तिचं ऑफिस, डोळ्यांत आई. बाईंनी गॅस पेटवला आणि लायटर कमरेला खोचला, तलवार खोचावी तसा.

"बाई, आज युद्ध आहे का?" मी म्हणालो.

"आहे. आणि विदूषक आधीच आलाय."

पाक उकळला. बाईंनी पळीवरचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं फाकवली. तार येते का ते बघायचं असतं, पण पहिल्या दिवशी ती यायची नसते. हॉलमधला कीबोर्ड थांबला. मी श्वास रोखला. तार आली नाही, म्हणजे बरोबर. बाईंनी पाक सालींवर ओतला, एक थेंब बाहेर सांडला नाही, आणि कीबोर्ड परत सुरू झाला.

पातेलं निवल्यावर त्यांनी झाकण घातलं, मसाल्याच्या डब्यातून एक लवंग काढली आणि खिडकीतल्या बशीत टाकली.

ही बशी नीट समजून घ्या, सगळं तिच्यावर आहे. एक उकळी झाली की एक लवंग. सकाळी पेपर आला की बाई त्यावरचा वार वाचतात आणि बशीतल्या लवंगा मोजतात. सोमवारी एक, मंगळवारी दोन. बुधवार उजाडला आणि बशीत दोनच असल्या, तर आजची उकळी व्हायची आहे. तीन असल्या, तर झाली आहे. मला हे माहीत होतं, कारण दोन वर्षांपूर्वी त्या बशीतली एक लवंग मी उचलून तोंडात टाकायला गेलो होतो आणि हातावर फटका खाल्ला होता. लेकीला मात्र माहीत नव्हतं. खिडकीत बशी आहे आणि बशीत लवंगा आहेत, यात बघण्यासारखं काय आहे?

मंगळवारही पार पडला.

बुधवारी मला वर जायला साडेदहा झाले. पाक उकळून सालींवर ओतलेला होता, पातेल्यातून वाफ निघत होती. बाई गॅलरीत कपडे उलटत होत्या. लेक कुणालातरी इंग्रजीतून झापत होती. मी पाणी प्यायला म्हणून आत गेलो आणि माझं लक्ष बशीकडे गेलं.

दोन.

उकळी झाली आणि लवंग टाकायची राहिली! म्हणजे उद्या सकाळी हिशेब चुकणार, बाई गोंधळणार, हॉलमधून सगळं दिसणार, आणि फ्रिजवरचं दुसरं तिकीट वापरलं जाणार. विंगेतल्या माणसाने अशा वेळी काय करायचं? शब्द टाकायचा. माझा हात खिशात गेला, बाहेर आला, आणि बशीत तीन लवंगा झाल्या. कुणी पाहिलं नाही. मी तोंड पुसत बाहेर आलो. दुकानात दिवसभर मी इतका खुशीत होतो की एका गिऱ्हाइकाला चुकीचा ट्रान्सफॉर्मर दिला आणि त्याने तो आनंदाने नेला.

गुरुवारी सकाळीच दुकानात माल आला. वर जाणं झालं नाही. म्हटलं, काय बिघडतं, बशी बरोबर आहे.

शुक्रवारी दहाला गेलो तर दार उघडंच. स्वयंपाकघरात मायलेकी दोघी उभ्या. लॅपटॉप बंद. पातेल्याचं झाकण बाजूला आणि पाकावर पांढरा बारीक फेस, कडेने बुडबुडे फुटताहेत. शिळ्या ताडीसारखा वास दारापर्यंत आला होता.

"काल तू पाक उकळला नाहीस, आई."

बाईंनी पातेल्यात वाकून बघितलं.

"सकाळी तू आत आलीस, पेपर बघितलास, खिडकीकडे बघितलंस आणि परत गेलीस. मला वाटलं, नंतर करशील. दुपारी वाटलं, संध्याकाळी करशील. सात वाजेपर्यंत मी वाट बघितली. सांगायचं नाही असं ठरलं होतं ना आपलं? तोंडावर हात ठेवून बसले होते मी."

बाई पेपराकडे बघत होत्या. मग बशीकडे. ओठ हलत होते. बशीत चार लवंगा होत्या. गुरुवारी चार असल्या म्हणजे गुरुवारची उकळी झाली, असंच त्यांनी काल वाचलं होतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बुधवारी त्या विसरल्या नव्हत्या! त्या झाकण घातल्यावर लवंग टाकतात. मी गेलो तेव्हा पातेलं अजून निवायचं होतं. मी खाली उतरलो, त्यांनी झाकण घातलं, आपली लवंग टाकली. आणि टाकताना त्या कधीच मोजत नाहीत, मोजायचं ते सकाळी.

"मी केलं," मी म्हणालो.

दोघींनी वळून बघितलं.

"बुधवारी एक लवंग मी टाकली. मला वाटलं बाई विसरल्या. बाई, तुमची बशी मी बिघडवली." आणि मी लेकीला बशीचा सगळा प्रकार सांगितला, धडाधड, एकाही वाक्याला रंग न देता. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट जशीच्या तशी सांगत होतो.

लेकीने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "दादा, तुम्ही आईला वाचवताय, ते कळतंय मला. पण पातेल्याला भोक पडलं होतं म्हणालात. मी आल्या दिवशी ते पातेलं बघितलं. भोक कुठे आहे?"

गोष्ट खरी होती आणि सांगणारा खोटा ठरलेला.

"कुठलं भोक?" बाई म्हणाल्या.

मला पळून जावंसं वाटलं. पण बाई उत्तराची वाट बघत थांबल्या नाहीत. त्यांनी बशी उचलली, शुक्रवारच्या पेपरावर पालथी केली, चष्मा नाकावर ओढला आणि बोटाने एकेक लवंग सरकवायला लागल्या. वर्गात वह्या तपासायच्या तशा.

"एक. दोन. तीन." चौथीवर बोट थांबलं. "ही बोडकी कुणाची?"

मी वाकून बघितलं. तीन लवंगांच्या डोक्यावर गोल टोपी होती. चौथीची उडालेली.

"मी लवंग निवडून डब्यात भरते," बाई लेकीला म्हणाल्या. "बिनडोक्याची लवंग माझ्या घरात नसते." मग माझ्याकडे वळल्या. "खिसा."

मी खिसा उलटा केला. दोन किल्ल्या, तीन स्क्रू आणि सात लवंगा. सातही बोडक्या. किल्ल्यांना घासून घासून त्यांची डोकी कधीच गेली होती.

"सही बदलली," बाई म्हणाल्या, "माणूस तोच आहे."

लेकीला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन थांबलं. ती त्यांचीच मुलगी. तिने खुर्ची ओढली, आईसमोर बसली आणि ज्या प्रश्नाची मला धास्ती होती तोच विचारला.

"मान्य, लवंग दादांची. पण आई, काल तुला स्वतःला आठवत नव्हतं ना, पाक उकळलास की नाही ते? तू बशीला विचारलंस."

फेसाचे बुडबुडे फुटत होते. मला शंभर उत्तरं सुचली, एकाहून एक सरस, आणि मी ती सगळी गिळली.

"नव्हतं आठवत," बाई म्हणाल्या. "वर्ष झालं. सकाळचं कधी दुपारपर्यंत टिकतं, कधी नाही टिकत. मला कळतं ते. म्हणून तर बशी. गोळ्यांची डबी वारांची आहे, ती तूच आणलीस. आणि हे बघ." त्यांनी कमरेचा लायटर उपसला. "दूध जळलं त्या दिवसापासून. गॅस पेटवला की हा इथे खोचायचा. टोचत असला म्हणजे गॅस चालू आहे. बंद केल्याशिवाय काढायचा नाही. झोपायला गेले तरी टोचेल."

मी त्या लायटरवर विनोद केला होता.

"मी विसरते, हे मला विसरता येत नाही," त्या म्हणाल्या. "एवढं जोवर आहे तोवर मला इथे राहू दे. ते गेलं की मी तुला सांगणार नाही, मला कळणारच नाही. तेव्हा तू ने."

लेक पातेल्याकडे बोट करून म्हणाली, "आता याचं काय?"

"याचं काय म्हणजे? अजून शुक्रवारच आहे."

पुढचा तास मी कधी विसरणार नाही. बाईंनी साली चाळणीत उपसल्या, गरम पाण्यातून काढल्या. गॅस पेटवला, लायटर कमरेला. पाक उकळत ठेवला, वर येणारा फेस झाऱ्याने काढत राहिल्या, कुठेही घाई नाही. ओंजळभर साखर, अर्ध्या लिंबाचा रस. थेंब बोटात धरला, बोटं फाकली, आणि मध्ये एक बारीक तार ताणली गेली, तुटली नाही. पाक सालींवर ओतला. गॅस बंद. लायटर ओट्यावर. सगळं बरोबर.

आता फक्त झाकण आणि लवंग. बाईंनी हात धुतले. मसाल्याच्या डब्यावरून हात पुढे गेला आणि त्यांनी नॅपकिन उचलला. हात पुसले आणि त्या गॅलरीत निघून गेल्या.

लेकीचा फोन थरथरला. तिने तो पालथा घातला. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून वाफेकडे बघत होतो. दहा मिनिटं. वीस. वाफ विरळ झाली. गॅलरीतून बाईंचा आवाज आला, "तीन अक्षरी, पावसाची वाट बघणारा पक्षी कुठला रे?" म्हणजे शब्दकोडं. जानेवारीत दूध जळत होतं तेव्हाही हेच चाललं होतं. शब्द माझ्या जिभेच्या टोकावर आला. "बाई, झाकण." दोनच शब्द. मी तोंड उघडलं आणि लेकीने माझं मनगट पकडलं. घट्ट. तिची बोटं गार पडली होती. ती आईकडे बघत नव्हती, बशीकडे बघत होती, आणि तिला काय हवं आहे हे मला तेव्हा प्रथमच दिसलं. आई जिंकायला हवी होती तिला.

अर्ध्या तासाने चपलांचा आवाज आला. बाई आत आल्या, पातेल्याला उलटा हात लावून बघितला, झाकण घातलं, डबा उघडला. टोपीची एक लवंग निवडली आणि बशीत टाकली. मग पेपरावरच्या तीन उचलून टाकल्या. बोडकी तेवढी उरली. ती चिमटीत धरून त्यांनी थोडा विचार केला.

"हीही राहू दे बशीत," त्या म्हणाल्या. "गुरुवारची गैरहजेरी."

आणि मोजल्या तर पाच. शुक्रवारच्या पाच.

लेकीने माझं मनगट सोडलं, फोन उचलला, फ्रिजवरचं एक तिकीट काढून त्यावरचा नंबर बघत बराच वेळ काहीतरी टाइप केलं. मग म्हणाली, "आई, पुढच्या फेब्रुवारीपर्यंत. आणि रोज रात्री व्हिडिओ कॉल."

"कर. पण कोडं सुटल्यावर."

रविवारी साली जाळीवर गेल्या. लेक एकटीच गाडीत बसली, अर्धवट वाळलेल्या सालींचा डबा मांडीवर घेऊन. माझ्याकडची किल्ली माझ्याकडेच राहिली, पण आत शिरण्याआधी बेल वाजवायची आणि खिसे दारातच रिकामे करायचे, अशी अट पडली. भोकाबद्दल बाईंनी मला अजून विचारलेलं नाही. त्या विसरल्या असतील असं मी स्वतःला सांगतो.

बुधवारी आमच्या वाट्याची बरणी खाली आली. बायकोने एक साल तोंडात टाकली. गोड होती, कडेला जराशी कडवट, आणि शेवटी जिभेवर एक अंधुकशी आंबूस चव, जी आधी कधी नव्हती.

"यंदा वेगळ्याच लागताहेत," ती म्हणाली. "तुम्ही हात लावला होतात का हो?"

मी बरणी पुढे ओढली. बरणीत सगळ्यांत वर, मधोमध, बोडकी लवंग ठेवलेली होती.